पुढचं बाळंतपण कसं? एका प्रश्नाची चार हजार वर्षं

(या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा असेल तर हेडफोन लावा.)

आजचा विषय घरात सहसा कुजबुजत बोलला जातो. पहिल्या बाळंतपणात एखादीला मोठी इजा झाली. खूप फाटलं, आतपर्यंत टाके पडले, नंतर कित्येक महिने लघवीवर किंवा संडासवर ताबा राहिला नाही. आता ती पुन्हा गरोदर आहे. पुढचं बाळंतपण कसं करायचं? नॉर्मल की सिझर?

आज हा प्रश्न दवाखान्यात दहा मिनिटांत उरकला जातो. मी त्याचा इतिहास शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की माणसाच्या इतिहासात जवळजवळ सगळा काळ हा प्रश्नच अस्तित्वात नव्हता. प्रश्न पडायला आधी निवडायला दोन रस्ते लागतात, झालेली इजा दिसावी लागते आणि बाईला कुणीतरी विचारावं लागतं. या तीन गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावांत आल्या. आजचा भाग त्याबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. इथे इतिहास मिळेल, सल्ला तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. आणि पुरुष श्रोत्यांनो, हा भाग पुढे ढकलू नका. तुमच्याही घरातला आहे.

राणीच्या ममीतली जखम

सुरुवात इजिप्तमधून. इसवी सनापूर्वी साधारण २०५० च्या सुमारास तिथे दुसरा मेंतुहोतेप हा राजा होता. त्याच्या दरबारातल्या हेनहेनित नावाच्या स्त्रीची ममी देर अल-बहारी इथे सापडली. डेरी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने ती तपासली आणि १९३५ मध्ये निष्कर्ष छापले. तिची कंबरेची हाडं अरुंद होती आणि मूत्राशय ते योनीमार्ग असं मोठं भोक पडलेलं होतं.

याला फिस्टुला म्हणतात. बाळ अडकतं, कळा दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात. बाळाचं डोकं आणि आईचं हाड यांच्यामध्ये मऊ भाग चेपून राहतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, काही दिवसांनी तो भाग गळून पडतो आणि तिथे भोक राहतं. मग लघवी थेंब थेंब गळत राहते, दिवसरात्र. कधीकधी भोक गुदाशयाच्या बाजूला पडतं, तेव्हा संडासही गळते. बहुतेक वेळा बाळ दगावलेलं असतं. राजवाड्यातल्या बाईचं हे झालं, तर शेतात राबणारीचं काय होत असेल याचा अंदाज करा.

पुढे अकराव्या शतकात इब्न सिना, म्हणजे युरोपचा अविसेना, याने आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात एक सल्ला दिला. मुलगी फार लहान वयात लग्न झालेली असेल तर वैद्याने तिला गर्भ राहू नये म्हणून उपाय सांगावेत, कारण बाळंतपणात मूत्राशय फाटू शकतं आणि मग मरेपर्यंत लघवी थांबत नाही. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत हुशार वैद्याकडे असलेला पर्याय एकच होता: बाळंतपणच टाळा.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी इटलीतल्या सालेर्नो गावाशी जोडलेल्या, त्रोतुला नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत दुसऱ्या प्रकारच्या इजेचा उल्लेख येतो. बाळ बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांच्या मधला भाग फाटतो, ती इजा. तिथे रेशमाच्या दोऱ्याने टाके घालायला सांगितलंय. शिवाय कळा देताना त्या जागेला कापडाचा आधार द्यावा, म्हणजे फाटणार नाही, असंही सांगितलंय. आजही बाळाचं डोकं येताना डॉक्टर किंवा नर्स हाताने खालच्या भागाला आधार देतात. कल्पना तीच, फक्त आठ-नऊशे वर्षं जुनी.

पण पुढच्या वेळी काय? तर पुढच्या वेळी पुन्हा तेच. पोट चिरून बाळ काढणं लोकांना ठाऊक होतं, पण ते बहुतेक वेळा आई मेल्यावर किंवा मरायला टेकल्यावर. जिवंत बाईवर केलं तर ती बहुधा वाचत नसे. दुसरा रस्ताच नव्हता.

मॉन्टगोमेरी, अलाबामा

आता थेट १८४५ मध्ये येऊ. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, मॉन्टगोमेरी हे गाव. गुलामगिरी कायदेशीर होती. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली होती, त्यामुळे गुलाम बाईने मुलं जन्माला घालणं हे मालकाच्या हिशोबाच्या वहीतलं उत्पन्न झालं होतं. फिस्टुला झालेली बाई त्या वहीत तोट्यात जाई.

जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने अशा काही गुलाम स्त्रिया आपल्या घरामागच्या छोट्या इस्पितळात ठेवल्या. त्यातल्या तिघींची नावं त्याने लिहून ठेवली: अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. अनार्का सतरा वर्षांची होती. तीन दिवस कळा दिल्यावर तिचं बाळंतपण झालं आणि त्यात तिला फिस्टुला झाला. १८४५ ते १८४९ या काळात एकट्या अनार्कावर तीसेक ऑपरेशनं झाली. भूल न देता. ईथरची भूल १८४६ मध्ये जगासमोर आली होती, पण सिम्सने ती वापरली नाही. टाके घालायचे, ते पिकायचे, सुटायचे, पुन्हा घालायचे. शेवटी १८४९ मध्ये रेशमाऐवजी चांदीची बारीक तार वापरली आणि अनार्काची जखम भरून आली.

सिम्सने १८५२ मध्ये ही पद्धत छापली, मग न्यूयॉर्कला जाऊन मोठं नाव कमावलं. त्याचा पुतळा उभा राहिला. २०१८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून तो हटवला गेला. २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीतच अनार्का, बेट्सी आणि ल्युसी यांचं शिल्प उभं राहिलं.

यावर वाद आहे आणि तो खरा आहे. काही जण म्हणतात, त्या स्त्रियांनाही बरं व्हायचं होतं, दुसरा इलाजच नव्हता. असेल. पण जिला नाही म्हणायचा हक्कच नाही, तिच्या होकाराला अर्थ काय? तिघींपैकी एकीचाही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. जे आहे ते सिम्सचं.

आता या चांदीच्या तारेकडे लक्ष ठेवा, कारण ती पुढे दुसऱ्याच दारात जाते.

पोट चिरलं तरी बाई वाचते

१८७६ च्या मे महिन्यात इटलीतल्या पाव्हिया गावात एदुआर्दो पोर्रो या डॉक्टरसमोर ज्युलिया काव्हालिनी ही पंचवीस वर्षांची बाई आली. मुडदूस झाल्यामुळे तिची कंबरेची हाडं वाकडी झाली होती, बाळ खालून येणं अशक्य. पोर्रोने पोट चिरलं, बाळ काढलं आणि रक्तस्राव थांबवायला गर्भाशयच काढून टाकलं. आई आणि बाळ दोघं वाचले. मोठी गोष्ट होती, पण तिला पुढचं बाळंतपण असणारच नव्हतं.

गर्भाशय शिवायचं का नाही? तेव्हाच्या बऱ्याच डॉक्टरांना वाटे की शिवायची गरज नाही, आणि आतले टाके काढणार कसे? १८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगरने गर्भाशय नीट शिवायची पद्धत मांडली. त्याने सुचवलेला धागा कुठला? चांदीची तार. सिम्समुळे प्रसिद्ध झालेली तीच.

मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत जड वाटतं. मॉन्टगोमेरीत तीन गुलाम स्त्रियांच्या अंगावर जो धागा तपासला गेला, त्याच धाग्याने पुढे सिझेरियननंतर बाईला जिवंत आणि पुन्हा आई होऊ शकेल अशी ठेवलं. आज सिझरच्या टेबलावर झोपणारी प्रत्येक बाई थोडी अनार्काची देणेकरी आहे.

मग जंतुनाशकं आली, रक्त चढवणं आलं, अँटिबायोटिक आली. विसाव्या शतकात गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुळली, त्यामुळे जुना व्रण पुढच्या वेळी उसवण्याचा धोका कमी झाला. आता खरोखर दोन रस्ते झाले.

मुंबईचा टाका

दुसऱ्या गर्भारपणाचा विचार करून शोधलेला एक उपाय आपल्या मुंबईतून जगभर गेलाय. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९, मूळ गोव्याचे, काम मुंबईत. त्यांच्याकडे अशा स्त्रिया येत ज्यांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडे. गर्भाशयाचं तोंड सैल झालेलं असे. आधीच्या बाळंतपणात ते फाटणं हे त्याचं एक कारण. शिरोडकरांनी बाईच्या मांडीतल्या पातळ पडद्याची पट्टी काढून ती गर्भाशयाच्या तोंडाभोवती बांधली, पिशवीच्या नाडीसारखी. १९५५ मध्ये त्यांनी हे छापलं. 'शिरोडकर टाका' आजही जगभर त्याच नावाने ओळखला जातो.

आणि इथेही शेवटी तोच प्रश्न येतो: टाका काढून खालून बाळंतपण करायचं, की टाका तसाच ठेवून सिझर? तो टाका पुढच्या गर्भारपणासाठी हवा आहे का, यावर उत्तर बदलतं. म्हणजे एका इजेवरचा उपाय पुढच्या बाळंतपणाच्या निवडीशी बांधला गेला.

फिस्टुलाच्या बाबतीत उत्तर जास्त सरळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॅथरीन हॅम्लिन आणि त्यांचे पती रेजिनाल्ड १९५९ मध्ये इथिओपियात गेले, १९७४ मध्ये त्यांनी आदिस अबाबात फिस्टुलासाठीच हॉस्पिटल काढलं. तिथे बऱ्या झालेल्या बाईला सांगतात, पुढच्या वेळी घरी राहू नकोस, हॉस्पिटलला ये, सिझर करू. वैद्यकीय उत्तर एका वाक्याचं. पण ती बाई डोंगरात राहते, रस्ता नाही, पैसे नाहीत. म्हणून त्यांनी नंतर खेड्यापाड्यांसाठी सुईणी तयार करणारं कॉलेजही काढलं. पर्याय कागदावर असून चालत नाही, तिथवर पोचता यावं लागतं.

न दिसणारी इजा

आता सगळ्यांत जास्त जणींशी संबंध असलेली इजा. फिस्टुला आज जिथे वेळेवर उपचार मिळतात तिथे विरळ झालाय. पण खालून फाटणं सर्रास होतं. बहुतेक वेळा ते वरवरचं असतं, काही आठवड्यांत भरतं आणि पुढच्या बाळंतपणावर त्याचा फरक पडत नाही. प्रश्न येतो गुदद्वाराभोवतीचा गोल स्नायू फाटला तर. त्याला तिसऱ्या किंवा चौथ्या डिग्रीची फाट म्हणतात. संडास आणि गॅस धरून ठेवायचं काम हा स्नायू करतो.

१९२० मध्ये अमेरिकेत जोसेफ डीली या नामवंत डॉक्टरने मांडलं की बाईला आपोआप फाटू देण्यापेक्षा आधीच कात्रीने कट द्यावा आणि चिमट्याने बाळ काढावं. हेतू संरक्षणाचा होता. पुढची काही दशकं कट हा नियमच झाला, बाईला न विचारता. नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की सरसकट कट दिल्याने संरक्षण होत नाही, आणि सरळ गुदद्वाराच्या दिशेने दिलेला कट तर उलट मोठी फाट वाढवतो. आज जागतिक आरोग्य संघटना सरसकट कट देऊ नका असं सांगते.

मग १९९३. लंडनमध्ये अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर गुदद्वाराच्या स्नायूची सोनोग्राफी केली. पहिलटकरणींपैकी ज्यांचं बाळंतपण खालून झालं त्यांच्यातल्या ३५ टक्के जणींच्या स्नायूत दोष दिसला. सिझर झालेल्या २३ जणींपैकी एकीतही नवा दोष नव्हता. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं, टाके भरले होते, आणि आत स्नायू तुटलेला होता. ज्यांना आजवर 'मनाचे खेळ आहेत' असं ऐकवलं जायचं, त्यांची तक्रार पहिल्यांदा पडद्यावर दिसली.

पण थांबा. याचा अर्थ 'सगळ्यांनी सिझर करा' असा होत नाही. यातल्या बऱ्याच जणींना काहीच त्रास नव्हता. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ मध्ये जी मार्गदर्शिका काढली तिच्यात म्हटलंय की नीट शिवलेल्या अशा मोठ्या फाटेनंतर वर्षभराने ६० ते ८० टक्के स्त्रियांना काही त्रास राहत नाही. पुढच्या बाळंतपणात पुन्हा तशीच फाट होण्याचं प्रमाण साधारण ५ ते ७ टक्के. ज्यांना त्रास शिल्लक आहे किंवा तपासणीत स्नायू कमकुवत दिसतो, त्यांच्याशी सिझरच्या पर्यायाबद्दल बोलावं. ज्यांना त्रास नाही आणि तपासणी चांगली आहे, त्यांना खालून बाळंतपणाचा रस्ता मोकळा आहे.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. रक्तस्राव, संसर्ग, पायात गुठळी हे धोके आहेतच. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या गर्भारपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. तिसरं मूल हवं असेल तर हे आधीच मोजावं लागतं. शिवाय पोटातल्या नऊ महिन्यांचा भार कंबरेखालच्या स्नायूंवर पडतोच, तो सिझरने पुसला जात नाही.

सोसणं

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. आधी काय झालं होतं हेच कुणी सांगत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे सगळे आजार बाळंतपणाच्या इजांचे होते असं नाही, पण गप्प राहण्याचं माप यातून कळतं.

आपल्या भाषेत 'अंग बाहेर येणं' असा शब्द आहे. म्हणजे गर्भाशय खाली सरकून बाहेर येणं. शब्द घरोघरी माहीत आहे, याचा अर्थ त्रास किती जुना आणि किती सर्रास आहे ते बघा. तरी सासूने सुनेला सांगायचं ते एवढंच की बाईच्या जातीला असतंच हे. संडासवर ताबा राहत नाही हे वाक्य तर नवऱ्यालाही सांगितलं जात नाही. मग पुढच्या वेळी डॉक्टर विचारणार काय आणि ती सांगणार काय?

विचारायचं कुणी, ठरवायचं कुणी

शेवटचा टप्पा कोर्टातला. २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. ती तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर असताना तिच्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले होते. न्यायालयाने सांगितलं, जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान बाईची संमती तिनेच द्यायची, आईची सही चालत नाही. आपल्याकडे नवऱ्याची, सासऱ्याची सही घेण्याची सवय आठवा म्हणजे या निकालाचं वजन कळेल.

२०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नदीन मॉन्टगोमेरी यांचा खटला होता. योगायोग बघा, नाव पुन्हा मॉन्टगोमेरी. त्या लहान चणीच्या, मधुमेही. १९९९ मध्ये बाळंतपणात बाळाचे खांदे अडकले आणि बाळाला कायमची इजा झाली. हा धोका ९ ते १० टक्के असल्याचं डॉक्टरांना ठाऊक होतं, पण सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर बायका सिझर मागतात. न्यायालयाने नदीन यांच्या बाजूने निकाल दिला. काय महत्त्वाचं आहे हे डॉक्टरने परस्पर ठरवायचं नाही. त्या जागी असलेल्या बाईला जे महत्त्वाचं वाटेल ते सगळं, पर्यायांसह, तिला सांगायचं.

एका मॉन्टगोमेरीत तीन जणींना नाही म्हणायचा हक्क नव्हता. दुसऱ्या मॉन्टगोमेरीने 'मला आधी सांगा' हा हक्क कायद्यात आणला. मध्ये एकशे सत्तर वर्षं गेली.

आता आपलं आजचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार खासगी दवाखान्यांतल्या ४७ टक्के प्रसूती सिझेरियन होत्या, सरकारी दवाखान्यांत १४ टक्के. बाईची गरज दवाखान्याच्या पाटीप्रमाणे एवढी बदलत नाही. म्हणजे दोन रस्ते आले तरी कुठला घ्यायचा हे अजूनही अनेकदा तिच्याशिवायच ठरतंय. कुठे घाईने सिझर, कुठे 'मागच्या वेळी झालं ना नॉर्मल, आताही होईल'.

म्हणून हा भाग ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यावर किंवा तुमच्या घरात ही वेळ असेल तर काही प्रश्न लिहून घेऊन जा. मागच्या वेळी नेमकी किती डिग्रीची फाट होती, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय? गॅस, संडास, लघवी यांवर आज ताबा आहे का, याचं खरं उत्तर डॉक्टरांना द्या, लाजू नका. स्नायूची तपासणी करता येईल का? मला पुढे अजून मुलं हवी आहेत का? खालून झालं तर कट, चिमटा याबद्दल तुमची पद्धत काय? सिझर झालं तर माझ्या बाबतीत धोके कुठले? आणि मागच्या बाळंतपणाची भीती मनात बसली असेल तर तीही सांगा. तीही इजाच आहे.

उत्तर नॉर्मल येईल किंवा सिझर येईल. दोन्ही बरोबर असू शकतात. फक्त ते ठरवताना खोलीत तुमचा आवाज असू द्या.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग आईला, बहिणीला, आणि हो, नवऱ्यालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.